तापणाऱ्या लॅपटॉपचे निदान

मे 2024 मधील गोष्ट आहे. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय, हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटायचे नाही. बाहेर 44 अंश सेल्सिअस तपमान होते आणि कूलर लावूनही आमच्या प्रयोगशाळेतील तपमापक 36 च्या खाली उतरायला तयार नव्हता. परीक्षा संपल्या होत्या, महाविद्यालय ओस पडले होते. अशा एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेचे परिचर (आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो) आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. तिच्या हातात कापडी पिशवीत लॅपटॉप होता.

"सर, ह्या लॅपटॉपले काय झालं ते पाहा न जरा. चालता चालता पटकन बंद पडते," भाऊ म्हणाले.

लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी जुना म्हणूनच विकत घेतलेला. दुरुस्तीच्या दुकानात तो दोनदा जाऊन आला होता. पहिल्या खेपेस त्याला 'फॉरमॅट मारून' पाचशे रुपये घेतले गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस "मदरबोर्ड गेला, सात हजार लागतील" असे उत्तर मिळाले. भाऊ सोसायटीकडे कर्जाचा अर्ज करण्याच्या विचारात होते. मुलीची अडचण आणखी निकडीची होती. माठातील पाणी किती वेळात किती गार होते, यावर तिने केलेल्या प्रयोगाची सहा मिनिटांची चित्रफीत तिला एका स्पर्धेला पाठवायची होती आणि मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

विद्यार्थी मित्रहो, बिघडलेल्या यंत्रासमोर बसले की 'काय बिघडले?' हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याआधी 'केव्हा बिघडते?' हे विचारले तर बराच खर्च वाचतो. पण त्यासाठी लॅपटॉपमध्ये उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, हे माहीत हवे.

आत गेलेली सारी वीज उष्णताच होते

पाण्याच्या पंपात वीज जाते, ती पाणी वर चढवते. विजेच्या पंख्यात वीज जाते, ती हवा हलवते. लॅपटॉपमध्ये गेलेली वीज काय करते? गणिते करते, असे आपण म्हणू. पण गणित केल्याने काही वर चढत नाही की कोठे ऊर्जा साठून राहत नाही. पडद्याचा थोडा प्रकाश आणि कर्ण्याचा थोडा आवाज सोडला, तर आत गेलेला प्रत्येक ज्यूल शेवटी उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. थोडक्यात, लॅपटॉप ही एक शेगडी आहे. जाता जाता ती गणिते करते, इतकेच.

ही शेगडी लहान आहे, पण तिची धग लहान नाही. लॅपटॉपचे मुख्य गणित चालते ते प्रोसेसर नावाच्या सिलिकनच्या चकतीत. मध्यम प्रकारच्या लॅपटॉपमध्ये जोराचे काम चालू असताना ती 20 वॅटच्या आसपास शक्ती घेते आणि तिचे क्षेत्रफळ असते जेमतेम 1.2 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 17 वॅट. आता आपली कपड्यांची इस्त्री घ्या. 750 वॅटची इस्त्री, तिचा तळ सुमारे 180 चौरस सेंटिमीटर. भागाकार करा, दर चौरस सेंटिमीटरला 4 वॅटच्या थोडे वर येते. तुमच्या मांडीवरच्या यंत्रातील ती चकती इस्त्रीच्या चौपट धगीने तापत असते! ती जळत नाही याचे कारण एकच: तिची उष्णता लागलीच दुसरीकडे वाहून नेली जाते.

बादलीत वरून नळ सोडा आणि तळाला एक छिद्र ठेवा. पाणी चढू लागते. जसजसे चढते तसतसे छिद्रातून ते अधिक जोराने बाहेर पडते, आणि येणारे व जाणारे पाणी सारखे झाले की पातळी स्थिरावते. तपमानाचेही असेच आहे. वस्तू भोवतालापेक्षा जितकी अधिक तप्त, तितकी ती अधिक वेगाने उष्णता गमावते. न्यूटनने हा नियम 1701 साली प्रसिद्ध केला, तोही स्वतःचे नाव न घालता. छिद्रात कचरा अडकला तर बादलीतील पातळी वाढते, पण नळाने काही जास्त पाणी सोडलेले नसते. लॅपटॉप 'जास्त तापतो' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा नळ तोच असतो, छिद्र बुजलेले असते.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह

प्रोसेसरच्या पोटातच तपमान मोजणारे संवेदक बसवलेले असतात. बारावीत तुम्ही डायोड शिकाल. ठरावीक प्रवाह वाहत असताना डायोडच्या दोन टोकांमधील विभवांतर दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने कमी होते. या एवढ्याशा फरकावरून तपमान कळते.

तपमान पुष्कळांच्या बाबतीत 100 अंशांच्या आसपास पोहोचले, की प्रोसेसर आधी स्वतःच दमाने घेऊ लागतो. त्याची शक्ती ही त्याच्या ठोक्यांच्या वेगाच्या आणि विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही पाचव्या हिश्शाने कमी केली, तर 0.8 × 0.8 × 0.8 म्हणजे 0.51, वेग फक्त पाचव्या हिश्शाने उतरला, पण उष्णता निम्म्यावर आली. लॅपटॉप तापल्यावर 'हळू' होतो तो यामुळे. त्यात गंमत अशी की, सिलिकन तापले की त्यातून नको असलेली वीजगळती वाढते, गळतीने आणखी उष्णता निर्माण होते आणि तिने आणखी गळती. म्हणून एका मर्यादेनंतर वाट पाहणे धोक्याचे असते. तरीही तपमान चढतच राहिले, तर यंत्र कोणाला न विचारता वीज तोडते. तुमचा अर्धा लिहिलेला निबंध त्या क्षणी जातो, हे खरे; पण प्रोसेसर वाचतो.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर आपण व्हॉल्व्हला शिव्या देत नाही, शिटीच्या भोकात भात अडकला आहे का ते पाहतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र लोक व्हॉल्व्हच बदलायला निघतात.

घड्याळ आणि तपमापक

अर्थात, हा लॅपटॉप उष्णतेनेच बंद पडत होता हे अजून सिद्ध व्हायचे होते. बॅटरी थकली तरी लॅपटॉप असाच पटकन मिटतो. चार्जरची पिन सैल असली तरी मिटतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत पाहिले तर 'कर्नल-पॉवर 41' अशा नोंदींची रांग होती. दुकानात या नोंदीकडे बोट दाखवूनच मदरबोर्डचे निदान झाले होते. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ इतकाच की, मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नाही. ते का, हे ती नोंद सांगत नाही.

मी मुलीला एक वही आणि मनगटावरचे घड्याळ दिले. प्रोसेसरच्या संवेदकाचे तपमान पडद्यावर दाखवणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात, तसा एक घातला. आणि लॅपटॉपच्या कडेला जेथून गरम हवा बाहेर येते त्या झरोक्यापाशी प्रयोगशाळेतील 110 अंशांपर्यंतचा तपमापक बांधला. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवले.

नुसता चालू ठेवला, काही काम दिले नाही: दोन तास बंद पडला नाही. प्रोसेसर 62 अंशांवर स्थिर. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान लावले: 18 मिनिटांनी बंद. लगेच पुन्हा सुरू करून तेच लावले: 4 मिनिटांनी बंद. अर्धा तास थांबून पुन्हा: 15 मिनिटे. चार्जर काढून केवळ बॅटरीवर: पुन्हा 18 च्या आसपास. मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन डस्टर ठेवून लॅपटॉप उचलला आणि टेबलफॅन लावला: 31 मिनिटे.

या आकड्यांकडे पाहा. बॅटरीला किंवा पिनेला 'आत्ताच बंद पडलो होतो' याची आठवण राहण्याचे कारण नाही. चार मिनिटे आणि पंधरा मिनिटे यांत जो फरक पडला, तो मधल्या अर्ध्या तासात जे निघून गेले त्याचा; आणि निघून गेली ती उष्णता. टेबलफॅनने वेळ वाढला, चार्जर काढल्याने वाढला नाही. मदरबोर्ड निर्दोष ठरला असे अजून म्हणता येत नव्हते, पण संशय त्याच्यावरून हलला होता.

दुसरी नोंद झरोक्याची. पंखा घोंघावत होता, पण झरोक्यापाशी धरलेला कागदाचा कपटा नीट फडफडतही नव्हता. जी काही थोडी हवा येत होती तिचे तपमान 64 अंश होते. म्हणजे हवा थोडी आणि फार गरम.

याचा हिशेब सोपा आहे. 1 ग्रॅम हवा 1 अंशाने तापायला साधारण 1 ज्यूल लागतो. 20 वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि हवेला फक्त 15 अंशांनी तापू द्यायचे, तर दर सेकंदाला 1.3 ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा लिटर हवा आतून गेली पाहिजे. हवा पाव हिश्श्यावर आली, की तेवढ्याच उष्णतेने ती 15 ऐवजी 60 अंशांनी तापेल. आमच्या 36 अंशांच्या खोलीत मग 96 अंशांची हवा! आणि प्रोसेसर तर त्याहूनही वर.

भाऊंनी स्क्रू काढले. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. पंखा आणि त्याच्यापुढची तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये राखाडी रंगाची एक पट्टी आडवी बसली होती. चिमट्याने ओढली तर गोधडीच्या तुकड्यासारखी सलग निघाली. बाहेरून झरोक्यातून पाहिले असते तर ती दिसली नसती, कारण ती जाळीच्या आतल्या अंगाला असते. झरोके बाहेरून कितीही पुसले तरी तिला धक्का लागत नाही. कापसाच्या जिल्ह्यातला लॅपटॉप. तंतूंना काय तोटा? पंख्याची पाती काडीने अडवून धरून (मोकळी सोडली तर फुंकरीने ती वाजवीपेक्षा वेगाने फिरतात आणि पंख्याचे बेअरिंग बिघडू शकते) मऊ कुंचल्याने सारे साफ केले.

पुन्हा तेच व्याख्यान. काम नसताना 51 अंश. व्याख्यान चालू असताना 80 अंशांवर स्थिर. झरोक्यातून भरपूर हवा, 44 अंशांची. दोन तास झाले, बंद पडला नाही. मी खूश होऊन उष्णतेच्या अभिसरणावर अर्धा तास बोललो. भाऊंनी चहा आणला.

गार हवेचे कोडे

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक पुन्हा दारात. चित्रफितीचे सारे तुकडे जोडून शेवटची फाइल तयार करायला लावली, की दोन मिनिटांत लॅपटॉप बंद. पाच वेळा केले, पाचही वेळा बंद.

माझे तोंड उतरले. "मग मदरबोर्डच असेल," असे मी बोलून गेलो. लिहायला संकोच वाटतो, पण बोललो खरे. आदल्या दिवशी ज्या निदानाला हसलो, तेच मी स्वतः केले, तेही वही न उघडता.

मुलगी म्हणाली, "सर, पण बंद पडतो तेव्हा झरोक्यातली हवा गार असते. 41च. कालच्या व्याख्यानाच्या वेळेपेक्षाही गार. आणि पंखा तर जोरात असतो."

मी वही घेतली. तिने दर पाच सेकंदांनी प्रोसेसरचे तपमान टिपले होते. काम सुरू करण्यापूर्वी 51. दहा सेकंदांत 96! त्यानंतर मर्यादेपाशी घुटमळत दोन मिनिटांत बंद. पहिल्या दिवशीच्या व्याख्यानाची नोंद काढली. तेव्हा तपमान आधी झटकन 62 वरून 82 वर गेले होते आणि मग सतरा-अठरा मिनिटे हळूहळू चढले होते. आम्ही त्या हळू चढणीकडेच पाहिले होते. सुरुवातीची उडी दोघांनीही सोडून दिली होती.

या उडीत सारे उत्तर होते. वाटीभर पाणी चटकन तापते, हंड्याला वेळ लागतो. प्रोसेसरची चकती ग्रॅमभराचीही नसते, तिची वाटी. तांब्याची जाळी, नळ्या, लॅपटॉपची पाठ हा सारा हंडा. जाळीत हवा जात नसेल, तर हंडा तापतो, आणि तो मिनिटामिनिटाने तापतो. पण दहा सेकंदांत 45 अंश चढायचे असतील, तर वाटी एकटीच तापली पाहिजे. म्हणजे वाटीतली उष्णता हंड्यापर्यंत पोहोचतच नसली पाहिजे. आणि मग झरोक्यातली हवा गार असणार नाही तर काय? पंखा बिचारा जोराने फिरून थंड जाळीला वारा घालत होता.

म्हणजे दोष दोन होते. एकाच नळीला दोन ठिकाणी गाठी पडाव्यात, तसे. पुढची गाठ सोडवल्याबरोबर हलक्या कामाचे भागले, म्हणून मागची गाठ लक्षात आली नाही.

मागची गाठ दोनच ठिकाणी असू शकत होती. प्रोसेसरची उष्णता जाळीपर्यंत नेते ती हीट पाइप नावाची तांब्याची चपटी नळी. ती भरीव असेल अशी बहुतेकांची समजूत असते. ती पोकळ असते. तिच्यातील हवा काढून घेऊन अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी, म्हणून पाणी कमी तपमानाला उकळते. तापलेल्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ गार टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अंगाला तांब्याच्या भुकटीचा जो सच्छिद्र थर असतो, त्यातून ते केशाकर्षणाने, समईच्या वातीतून तेल चढावे तसे, परत येते. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2300 ज्यूल अप्रकट उष्णता शोषली जाते. 20 वॅटसाठी मिनिटाला केवळ अर्ध्या ग्रॅम पाण्याची ये-जा पुरते. या युक्तीचे पेटंट अमेरिकेत रिचर्ड गॉग्लर यांना 1944 साली मिळाले, पण ती मागे पडली. जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली लॉस अलामॉस येथे ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली, तेव्हा कोठे जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. माठ, वाळ्याचा कूलर आणि ही नळी, तिघांचे मर्म एकच. मुलीला हे समजावून सांगावे लागले नाही.

नळी शाबूत आहे का, हे पाहायला ती काढून तिचे एक टोक गरम पाण्यात धरले. दुसरे टोक तत्काळ चटका देऊ लागले. नळी निर्दोष.

उरली ती प्रोसेसर आणि नळीच्या खालचा तांब्याचा तुकडा यांच्यामधील जागा. हे दोन पृष्ठभाग दिसायला आरशासारखे असले, तरी एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत. मधल्या फटींत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक. किती वाईट? समजा 1.2 चौरस सेंटिमीटरच्या चकतीवर सर्वत्र 0.05 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा हवेचा थर आहे. हवेची उष्णतावाहकता 0.026 वॅट प्रति मीटर प्रति अंश. 20 वॅट त्यातून पार करायला दोन बाजूंच्या तपमानांत सुमारे 320 अंशांचा फरक लागेल! याच थराच्या जागी 5 वाहकतेची थर्मल पेस्ट भरली, तर फरक 2 अंशांच्याही आत येतो. प्रत्यक्षात सर्वत्र हवा नसते, काही ठिकाणी धातू टेकलेला असतो, म्हणून इतका अनर्थ होत नाही. पण दोष कोणत्या दिशेचा ते यावरून कळेल.

आम्ही पाहिले तेव्हा ती पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा तिला पडल्या होत्या. आणि तो तांब्याचा तुकडा दाबून धरणाऱ्या चार स्प्रिंगच्या स्क्रूंपैकी एक जागेवरच नव्हता. कोणी तरी, केव्हा तरी हा लॅपटॉप उघडून तीन स्क्रूंवर भागवले होते.

जुनी पेस्ट रसायनशास्त्र विभागातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. दीडशे रुपयांची नवी नळी आणली. ती लावताना भाऊ सढळ हाताने लावायला निघाले होते, त्यांना थांबवले. तांब्याची वाहकता 400, पेस्टची 5. म्हणजे तांब्यापुढे पेस्टही वाईटच. ती फक्त हवेला हुसकावण्यापुरती हवी. तुरीच्या डाळीएवढा ठिपका मधोमध ठेवून वरून दाबले, की पुरे. हरवलेला स्क्रू मोडीत निघालेल्या दुसऱ्या लॅपटॉपचा मिळाला. चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे केले तर तुकडा तिरका बसतो आणि चकतीचा कोपरा उडू शकतो.

काम नसताना 43 अंश. फाइल तयार करायला लावली: दहा सेकंदांत 52, मग हळूहळू चढत 73 वर स्थिर. झरोक्यातली हवा आता चांगली ऊन लागत होती, आणि तिला हात लावून आम्हा तिघांना जो आनंद झाला, तो मे महिन्यात अकोल्यात गरम हवेने कोणाला झाला नसेल. पंचवीस मिनिटांत चित्रफीत तयार झाली. मुदतीत गेली. बक्षीस मिळाले नाही.

तुम्ही काय करू शकाल

लॅपटॉप न उघडताही पुष्कळ कळते. किती वेळाने बंद पडतो, लगेच सुरू केल्यास किती वेळाने, तपमान उडी मारते की हळू चढते, झरोक्यातली हवा थोडी-गरम की भरपूर-गार, हे चार आकडे कागदावर लिहून दुरुस्तीच्या दुकानात गेलात, तर तुमच्याशी बोलण्याची तऱ्हाच बदलते. टास्क मॅनेजरमध्येही डोकावा. तुम्ही काही करत नसताना प्रोसेसरचा वापर सतत शंभराजवळ असेल, तर छिद्र नव्हे, नळच जास्त सुटला आहे. कोणता तरी प्रोग्रॅम आत धिंगाणा घालतो आहे.

गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवू नका. बहुतेकांची हवा खालून आत जाते आणि गादी त्या झरोक्यांना तोंडभर मिठी मारते. खाली पंखा असलेले जे स्टँड मिळतात, त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. आत गोधडी बसली असेल, तर बाहेरून वारा घालून थोडा वेळ मिळतो, इलाज होत नाही. आमचे 18 चे 31 झाले होते, तसा. आणि गार करण्यासाठी लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना काय म्हणावे? बाहेर काढल्याबरोबर थंड धातूवर दव धरते, आणि वीज वाहणाऱ्या यंत्रात पाणी शिरते.

उघडण्याचे काम मात्र जाणत्या माणसाबरोबरच करा. लॅपटॉपची पाठ फुगलेली दिसली, टचपॅड वर आले, तर स्क्रूला हातही लावू नका. ती फुगलेली लिथियम-आयन बॅटरी असते. ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. यंत्र बंद करून, चार्जर काढून, ते सरळ दुकानात न्यावे. ही बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवू नये.

डिसेंबर 2024 मध्ये ती मुलगी पुन्हा आली. आता ती अकरावीत होती. सकाळची वेळ, प्रयोगशाळेत 22 अंश. लॅपटॉप सुरू करण्यापूर्वी तिने वहीत लिहून ठेवले: खोली 14 अंशांनी गार, पंख्याचा वेग तोच धरला आणि काम तेच दिले, तर प्रोसेसरही 14 अंशांनी गार, म्हणजे 73 ऐवजी 59. मग तीच चित्रफीत पुन्हा तयार करायला लावली. आकडा 60 वर थांबला. तो जास्तीचा एक अंश कशाचा, यावर आमचे अजून एकमत नाही. ती म्हणते, धूळ पुन्हा बसू लागली. मी म्हणतो, तेवढी चूक संवेदकाचीच असते.